वल्ह्याची होडी, मशीनची होडी

समजा, चिपळूणच्या खाली वाशिष्ठीच्या काठावर राहणाऱ्या कुणी एक फायबरची होडी विकत घेतली. अठरा फुटी, जुनी, दोन वल्ही आणि एक नांगर. बेत साधा आहे. सध्या पाग टाकायचा, संध्याकाळी कांडाळ लावून ठेवायची, मिळेल ती मासळी गावात विकायची. पुढेमागे पैसे जमले तर मागे मशीन बसवायचं. अशा माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लायसन कुठे मिळतं?

या प्रश्नाला एका खिडकीचं उत्तर नाही, कारण मुळात प्रश्नच तीन आहेत. पहिला होडीचा, म्हणजे हे जलयान पाण्यात घालायला योग्य आहे का आणि कुणाच्या नावावर आहे. दुसरा पाण्याचा, म्हणजे या पट्ट्यात मासे धरण्याचा हक्क कुणाचा. तिसरा मासळीचा : कोणत्या जाळ्याने, कोणत्या काळात, काय धरायचं. तिन्हींचे कायदे वेगळे, कचेऱ्याही बहुधा वेगळ्या. एक कागद हातात आला की बाकीचे दोन आपोआप मिळाले असं धरून चालणारे पुष्कळ असतात, आणि अडचणीत सापडतात तेही तेच.

ही विभागणी कुठल्या कारकुनाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती राज्यघटनेतच आहे. सातव्या परिशिष्टात ‘मत्स्यव्यवसाय’ हा विषय राज्यसूचीत २१व्या क्रमांकावर आहे, म्हणून नदीतल्या माशांचे नियम मुंबईत ठरतात. अंतर्गत जलमार्गांवरच्या यांत्रिक नौकांची वाहतूक मात्र समवर्ती सूचीत, ३२व्या नोंदीत आहे. तोच जलमार्ग संसदेने ‘राष्ट्रीय’ म्हणून जाहीर केला, तर यांत्रिक नौकांपुरता विषय संघसूचीत, २४व्या नोंदीत जातो. वल्ह्यांवर चालणारी होडी या दोन्ही नोंदींच्या बाहेर, राज्याकडेच राहते. आता दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी नदी मिळून २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ झालेली आहे. म्हणजे आपल्या होडीवाल्याने मशीन बसवलं, की त्याच्या दारातून जाणाऱ्या त्याच पाण्यात त्याच्याकडे बघणारं सरकार बदलतं. राष्ट्रीय जलमार्ग झाल्याने मासेमारी बंद होत नाही, हेही इथेच सांगायला हवं. त्या नावाने गावोगाव बऱ्याच अफवा उठल्या होत्या.

मशीनपासूनच सुरुवात करू, कारण कायद्याच्या दृष्टीने होडीचा जन्म तिथे होतो. २०२१चा ‘इनलँड व्हेसल्स ॲक्ट’, म्हणजे अंतर्देशीय जलयानांचा कायदा, जून २०२२पासून लागू झाला. त्याआधी १९१७चा कायदा होता. तो मुळात वाफेच्या बोटींसाठी केलेला आणि नंतर ठिगळं लावत शंभर वर्षं वापरलेला. नव्या कायद्याचं सूत्र समजायला अवघड नाही. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या प्रत्येक अंतर्देशीय नौकेला आधी सर्वेक्षण, मग नोंदणी. मोटारीला जसं फिटनेस आणि आरसी बुक, तसंच हे धरा. चालवणाऱ्याकडे पात्रतेचा दाखला हवा, तो लायसनच्या जागी. दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा हवा, तो थर्ड पार्टीच्या जागी. जुन्या कायद्यात एका राज्याची नोंदणी दुसऱ्या राज्यात चालवायची तर पुन्हा शिक्का घ्यावा लागे. आता एकच नोंदणी देशभर चालते. चिपळूणच्या होडीवाल्याला याचा उपयोग शून्य, पण ज्यांची नदीच सीमा आहे, वर्धा किंवा प्राणहिता, त्यांना आहे.

‘मशीन काढून ठेवता येतं, म्हणून ती यांत्रिक नौका नव्हे’ असा युक्तिवाद काठावर हमखास ऐकू येतो. आउटबोर्ड मशीन खरोखरच दोन बोल्ट सैल केले की खांद्यावर टाकून घरी नेता येतं. पण होडी कशावर चालते हे बघायचं असतं, मशीन रात्री कुठे ठेवलं हे नव्हे. मशीन लावून नदीत उतरलात, की यांत्रिक झालात. कोणत्या आकाराच्या आणि किती अश्वशक्तीच्या होडीला कोणत्या अटी शिथिल आहेत, हे मात्र मशीन विकत घेण्याआधी विचारून घ्यावं. पावती फाडल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे, म्हणजे १९९६च्या कायद्याने स्थापन झालेल्या सागरी मंडळाकडे आहे. कोकणात लोक त्याला अजूनही ‘बंदर खातं’च म्हणतात. सर्वेक्षक होडीवर येतो तेव्हा तो काय बघतो, हे माहीत असलेलं बरं. होडीच्या बुडाला भेगा आहेत का आणि जुन्या दुरुस्तीचे थर कुठे फुगलेत का, हे तो हाताने चाचपून बघतो. मशीन ज्या फळीवर अडकवतात ती मागची फळी किती ताठ आहे, हे बघतो. जुन्या फायबरच्या होडीत तीच आधी कुजते, वरून रंग झकास असतो. भरलेली होडी पाण्यात किती बसते आणि काठ पाण्याच्या वर किती राहतो, हे मोजलं जातं. त्यावरून माणसं किती आणि ओझं किती हे ठरतं. अंतर्देशीय पाण्याचे लाटांच्या उंचीवरून वेगवेगळे विभाग पाडलेले असतात. चिपळूणच्या पुलाखालच्या संथ पाण्यासाठी चालणारी होडी दाभोळच्या मुखाशी चालेलच असं नाही, आणि दाखल्यावर तसं लिहिलेलं असतं. शिवाय जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेटं. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नाळेत कोंबलेली असतात तो भाग वेगळा.

आपली होडी जुनी आहे, हे विसरून चालणार नाही. जुनी होडी घेताना आधीच्या मालकाची नोंदणी आहे का, असेल तर नाव बदलून घेतलं का, नाळेवर रंगवलेला क्रमांक आणि दाखल्यावरचा क्रमांक एकच आहे का, हे तपासायचं. मशीनच्या पट्टीवर कोरलेला अनुक्रमांक आणि अश्वशक्तीसुद्धा कागदाशी ताडून बघायची. आठचं मशीन नोंदवून पंधराचं लावलेलं असेल, तर तो बदल कळवलेला असला पाहिजे. न कळवलेल्या बदलाचा त्रास अपघातानंतर विम्याच्या वेळी होतो, तोपर्यंत कुणी विचारत नाही.

आता वल्ह्याची होडी. बिनमशीनच्या होड्यांसाठी २०२१च्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सर्वेक्षण-नोंदणीचा सगळा पसारा नाही, फक्त नावनिशी आहे. होडी कुणाची, केवढी, कुठे असते, याची नोंद करून दाखला द्यायचा. हे काम राज्याने जिल्हा, तालुका आणि गावपातळीवरच्या स्थानिक संस्थांकडे सोपवावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. कल्पना शहाणपणाची आहे, कारण गावात कुणाची होडी किती गळते हे ग्रामपंचायतीला बंदर खात्यापेक्षा जास्त माहीत असतं. अंमलबजावणी मात्र प्रत्येक जिल्ह्यात आपापल्या गतीने चालते. त्यामुळे ग्रामपंचायतीत अर्ज करून त्याची पोच घेऊन ठेवणं हा व्यवहार्य मार्ग. उद्या कुणी विचारलं, तर निदान विचारायला आधी आपण गेलो होतो हे दाखवता येतं.

होडीचं झालं. पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात.

नदी सर्वांची असं आपण म्हणतो, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ आणि त्यांतलं साचलेलं आणि वाहतं पाणी ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. मासे धरण्याचा हक्क हा त्या मालमत्तेतून निघणारा लाभ. सर्वोच्च न्यायालयाने आनंद बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य या १९५५च्या निकालात चिल्का सरोवराच्या संदर्भात हेच सांगितलं. ठरावीक जागी, पुढच्या ठरावीक काळासाठी मासे धरून नेण्याचा हक्क हा जमिनीतून मिळणारा लाभ आहे, म्हणून तो स्थावर मालमत्तेत मोडतो आणि नुसत्या तोंडी व्यवहाराने मिळत नाही. त्या खटल्यातल्या लोकांनी पैसे भरले होते, पावत्या होत्या, नोंदवलेला दस्त नव्हता. ते हरले. काठावर ‘हा पट्टा मी अमक्याकडून घेतला’ असं कुणी सांगू लागलं, तर ‘कागद दाखव’ म्हणायला संकोच वाटून घेऊ नये.

धरणांच्या जलाशयात तर हा हक्क बहुधा ठेक्याने दिलेला असतो. मत्स्यव्यवसाय विभाग तो मच्छीमार सहकारी संस्थेला काही वर्षांच्या मुदतीने देतो. संस्था बीज सोडते, सभासद मासे धरतात. भीमेवरच्या किंवा गोदावरीवरच्या अशा पाण्यात जायचं तर त्या संस्थेचं सभासदत्व किंवा तिची लेखी परवानगी हवी. नुसती आपली होडी असणं पुरेसं नाही. संस्थेत नवा सभासद घेताना गावकी, भावकी आणि निवडणुकीची गणितं आड येतात, हे सहकार जाणणाऱ्या वाचकाला सांगायला नको. पण नकार लेखी मागावा आणि सहायक निबंधकांकडे जावं, तेवढी सोय सहकार कायद्यात आहे. धरणाच्या भिंतीजवळचा आणि दरवाज्यांसमोरचा भाग मात्र सुरक्षेसाठी सगळ्यांनाच बंद, सभासद असो की अध्यक्ष.

पूर्व विदर्भात चित्र आणखी वेगळं. तिथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि जंगलातून वाहणाऱ्या नद्या यांवर ढीवर, केवट, भोई यांचं पोट आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) मध्ये मासे आणि जलाशयातल्या इतर उत्पादनांवरचे सामूहिक हक्क स्पष्ट लिहिले आहेत. अनुसूचित क्षेत्रात १९९६चा पेसा कायदा लहान जलाशयांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे देतो. म्हणजे गडचिरोलीतल्या होडीवाल्याने आधी ग्रामसभेचा दरवाजा ठोठवायचा, मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा नंतर.

याउलट अभयारण्यात पाणी कुणाचंही असलं, तरी शब्द वन विभागाचा. नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडीचा नाथसागर, कोयनेचा शिवसागर, हे सगळे पूर्ण किंवा अंशतः अभयारण्यात येतात आणि १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू होतो. जाळ्यात मऊ पाठीचं कासव किंवा मगरीचं पिल्लू सापडलं, तर हा कायदा अभयारण्याबाहेरही लागू असतो. दोन्ही अनुसूची एकमधले प्राणी. वाशिष्ठीत मगरी आहेत. अशा वेळी जाळं कापायचं, प्राणी सोडायचा आणि कापलेल्या जाळ्याचं दुःख करत बसायचं नाही. कासव घरी नेणं म्हणजे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा.

धरणात नाही, ठेक्यात नाही, जंगलात नाही, असा वाहत्या नदीचा पट्टा उरला, तर तिथे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, यांच्याकडे जायचं. पट्टा कुणाला दिलेला आहे का आणि परवाना लागतो का, हे त्याच कार्यालयात कळतं. मच्छीमार ओळखपत्राची चौकशीही तिथेच करायची.

तिसरा प्रश्न मासळीचा. १८९७चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा अवघ्या काही कलमांचा आहे आणि त्यातली दोन आजही तितकीच लागू पडतात : पाण्यात स्फोट करून मासे मारू नका, पाण्यात विष कालवून मारू नका. स्फोटासाठी मूळ शिक्षा दोन महिने कैद किंवा २०० रुपये दंड. हा आकडा वाचून हसू येतं, पण जिलेटिनची कांडी संशयास्पद रीतीने जवळ बाळगणं हा १९०८च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली मोठा गुन्हा आहे आणि तिथे हसायला जागा नाही. बांबूला तार बांधून विजेचा झटका देण्याची पद्धत अलीकडे फार बोकाळली आहे. त्यात वीजचोरी आहेच, शिवाय ओल्या होडीत उभा असलेला माणूस पहिला मरतो. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६०चा मत्स्यव्यवसाय कायदाही आहे. जाळ्याच्या आसाचा आकार, बंदीचा काळ, पात्रात आडवे बांध घालणं, असे विषय राज्याच्या नियमांत आणि ठेक्याच्या करारात येतात. करार सही करण्याआधी वाचला, तर निम्मी बंधनं त्यातच सापडतात.

बंदीचा काळ ठरवण्यामागचं कारण नदीकाठच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, ओढ्यांतून थेट शेतात शिरतात. कोकणात याला वलगण म्हणतात, आणि वलगणीचे मासे पकडायला अख्खं गाव काठ्या, कोयते, टोपल्या घेऊन बाहेर पडतं. पोटात अंडी असलेली मासळी अशी मारायची आणि ऑक्टोबरात ‘नदीत मासाच राहिला नाही’ म्हणायचं, हे दरवर्षीचं आहे. कायदा इथे दुबळा आहे, कारण शेतातल्या चिखलात परवाना तपासायला कोण येणार? जिथे धाक देवाचा आहे, तिथे तो जास्त चालतो : महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीतले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही, आणि डोहात ते डोळ्यांनी दिसतात.

आता होडी खाली, खाडीकडे न्या. नदी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते, हा प्रश्न जेटी किंवा होडी ओढायचा उतार बांधायचा म्हटलं की पुढे येतो. २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत त्याची मोजणी आहे. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याचा खारेपणा हजार भागांत पाच भाग जिथपर्यंत असतो, तिथपर्यंत भरतीचा प्रभाव धरायचा. तिथे काठावर काँक्रीट ओतायचं तर सीआरझेडची परवानगी आधी.

खाडीत रहदारीचे नियमही सुरू होतात. समुद्रगामी जहाजं जिथे येऊ शकतात अशा पाण्यात टक्कर टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम लागू पडतात. त्यातले दोन लहान होडीच्या फार कामाचे. वल्ह्यांच्या होडीत रात्री पांढरा उजेड देणारी बॅटरी किंवा कंदील हाताशी तयार हवा आणि टक्कर टळेल इतका आधी तो दाखवायला हवा. दुसरा नियम असा, की अरुंद जलमार्गात मासेमारी करणाऱ्याने इतर नौकांची वाट अडवायची नाही. दाभोळ ते धोपावे फेरीबोट गाड्या भरून येत असते. तिच्या वाटेत कांडाळ सोडली, तर ‘आम्ही आधीपासून इथेच मासे धरतो’ हे उत्तर चालत नाही. जलमार्गात अडथळा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे, दंड ५,००० रुपयांपर्यंत. बेदरकारपणे नौका हाकण्यासाठी कलम २८२ आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि खाडीचं मुख ओलांडून समुद्रात जाळं टाकलं, की पुन्हा सगळं बदलतं. १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्यात ‘मासेमारी नौका’ म्हणजे यांत्रिक शक्तीची आणि केवळ समुद्रातल्या, नफ्यासाठीच्या मासेमारीत गुंतलेली. त्या कायद्याखाली नोंदलेली मासेमारी नौका अंतर्देशीय जलयान कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. या १९५८च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५मध्ये नवा कायदा मंजूर केला आहे. राज्याच्या सागरी हद्दीत १९८१चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा लागू होतो, वेगळा परवाना लागतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. बिनमशीनच्या पारंपरिक होड्यांना ती नाही. म्हणून खाडीतला माणूस जूनमध्ये मशीन काढून ठेवतो आणि वल्ही हातात घेतो, ते नुसतं डिझेल वाचवायला नव्हे.

एका गोष्टीत मात्र होडीवाले हटकून चुकतात, आणि तिची किंमत सर्वांत जास्त आहे. मासेमारीची होडी माणसं न्यायला वापरणं. जत्रा असते, पलीकडच्या गावात लग्न असतं, पक्षी बघायला पुण्याचे पाहुणे आलेले असतात, आणि माणशी पन्नास रुपये नाकारवत नाहीत. भाडं घेतलं, की कायद्याच्या नजरेत ती मासेमारीची होडी राहत नाही. असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या नौकेतून भाड्याने माणसं नेण्यासाठी न्याय संहितेचं कलम २८४ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. सार्वजनिक तरीच्या हद्दीत भाडं घेण्यावर १८६८च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यापासून बंधनं आहेत. जलयान कायद्याचा प्रवासी नौकेचा दाखला वेगळा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. मोठ्या जलाशयात मे महिन्याच्या दुपारनंतर वारा उठायला पाच मिनिटं लागतात. पाहुण्यांना फुकट नेलं म्हणून लाटेला काही फरक पडत नाही.

राहिला विमा. नौकेचा विमा होडीवाल्याने घ्यायचा. त्याच्या स्वतःच्या जिवासाठी पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत सामूहिक अपघात विमा आहे आणि त्याचा हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, अपघाती रुग्णालय खर्चासाठी २५,००० रुपयांपर्यंत. हप्ता भरायचा नसला तरी यादीत नाव असावं लागतं, आणि ते संस्थेमार्फत किंवा सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून नोंदवावं लागतं. दावा करताना मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल मागतात. म्हणून बुडालेल्या माणसाला थेट घरी आणून परस्पर अंत्यविधी उरकला, तर घरच्यांचा हक्क तिथेच अडकतो. कळवायचं पोलीस पाटलाला, मग ठाण्याला, मग संस्थेला. अर्जात वारसाचं नाव लिहिलेलं असतं. विशीत नोंदणी केलेल्या बऱ्याच जणांच्या अर्जावर ते आईचं असतं, आणि लग्नानंतर बदलायचं राहून गेलेलं असतं. ते बदलायला एक साधा अर्ज लागतो.